पडद्या-गाद्यांवर 'फायरप्रूफ' फवारा: नवरा हो म्हणतो, मी नाही म्हणते

होमस्टेवाली_अस्नोडा

डिसेंबर २०२५ ला आमच्या गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, २५ माणसं गेली, तेव्हापासून गेस्टहाऊस, शॅक, हॉल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात एजंट उभा. एक सिलिंडर विकतो, एक अलार्म विकतो, परवा आला तो फवारा घेऊन. पडदे, गाद्या, सोफा आणि वरचं चुडतांचं छप्पर (झावळ्या हो, घाटावरच्यांसाठी सांगतेय) सगळ्यावर एकदा मारायचं म्हणे, मग काडी लावली तरी पेटणार नाही. आमच्याच पडद्याचा तुकडा कापून त्यावर मारला, वाळवला, लायटर धरला, कडेला काळं झालं आणि विझलं. नवरा जागच्या जागी खूश. मी विचारलं यात आहे काय, तर "मॅडम इंपोर्टेड आहे, वास पण नाही." नाव विचारलं तर कंपनी सिक्रेट.

चार खोल्यांचा आमचा होमस्टे, खालच्या मजल्यावर आम्हीच राहतो आणि घरात दीड वर्षाची पोर. दिवसभर जमिनीवर असते, सोफ्याखालून खेळणं काढते आणि तेच हात तोंडात. ही आग रोखणारी रसायनं बहुतेक वेळा फोमला किंवा कापडाला पक्की जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात, मग हळूहळू सुटून घरातल्या धुळीत जातात. अमेरिकेत छोट्या मुलांच्या रक्तात आयांपेक्षा जास्त सापडली ती या धुळीमुळेच.

आणि हे सगळं आलं कुठून तर कॅलिफोर्नियाच्या १९७५ च्या एका नियमातून, की सोफ्याच्या फोमनं १२ सेकंद ज्योत सोसली पाहिजे. कंपन्यांनी फोममध्ये पेंटा-बीडीई नावाचं ब्रोमीनवालं रसायन घातलं, ते आईच्या दुधापर्यंत पोचलं, २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा जागतिक करार) बंदीच्या यादीत गेलं, आणि २०१३ ला त्याच कॅलिफोर्नियानं ती ज्योतीची टेस्टच काढून टाकली, आता सिगारेट पडल्यावर धुमसतं का तेवढंच बघतात. त्यांनी जे इतक्या वर्षांनी सोडलं ते आम्ही आता पैसे देऊन घरात मारून घ्यायचं? माझं मत नाही. बोला.

निवृत्त_बंबवाला

ताई, पोरीची काळजी समजते, पण तुम्ही आग बघितलेली नाही, मी नोकरीभर बघितली. फोमचा सोफा पेटतो ना तेव्हा आधी ज्वाळा नाही दिसत, छताला काळा थर धरतो आणि तो खाली उतरत येतो, दाराच्या कडीपर्यंत आला की आतल्या माणसाला कडी सापडत नाही. हातानं चाचपत भिंतीवर फिरलेल्या बोटांचे माग मी काजळीत बघितलेत, जास्त लिहीत नाही. पूर्वी शिसवी खुर्ची आणि कापसाची गादी होती, खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास जायचा, आताच्या फोम-पॉलिएस्टरच्या खोलीला चारेक मिनिटं पुरतात, अमेरिकेत दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून मोजलंय हे. चार मिनिटांत म्हापशाहून बंब अस्नोड्याला पोचतो का ते तुम्हीच सांगा. फवाऱ्यानं दोन मिनिटं जास्त मिळाली तरी वरच्या खोलीतलं गिऱ्हाईक जिन्यानं खाली येतं. कॅन्सर वीस वर्षांनी होईल की नाही ते माहीत नाही, आग आज रात्री लागू शकते.

रसायनवाले_सर

काका, मान आहे तुमच्या अनुभवाला, पण तुम्ही ज्या धुराबद्दल लिहिलंत तिथेच घोळ आहे. ब्रोमीन किंवा क्लोरीनवालं रसायन आग विझवतं कसं, तर तापलं की त्यातून जे सुटतं ते ज्वाळेतले चपळ कण पकडतं आणि जळण्याची साखळी मोडतं. ज्वाळा मंदावते हे खरं. पण जळण अर्धवट राहिल्यावर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि फोममधून हायड्रोजन सायनाइड येतो तो वेगळाच. हडफड्यात बहुतेक जण भाजून नाही, गुदमरून गेले.

शिवाय या पीबीडीईंची (पेंटा-बीडीई ज्या कुळातलं ते सगळं कूळ) घडण आपल्या थायरॉइडच्या हार्मोनसारखी आहे, तिथे आयोडीन, इथे ब्रोमीन, म्हणून शरीराची फसगत होते. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यातल्या आई-मुलांवर वर्षानुवर्षं अभ्यास झालाय, ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी हे जास्त होतं त्यांच्या मुलांचं लक्ष कमी लागायचं, बुद्ध्यांकही थोडा खाली. स्वीडननं जुने दुधाचे नमुने जपून ठेवले होते, ते तपासले तर १९७२ ते १९९७ मध्ये प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेलं, वापर थांबल्यावर खाली आलं.

आता ताई तुम्हालाही एक. "फ्लेम रिटार्डंट", म्हणजे आग रोखणारं रसायन, म्हटलं की सगळंच विष असं नाही हो. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हेही त्यातच येतात, तापले की पाणी सोडतात, बस. झिरो हॅलोजन (ब्रोमीन-क्लोरीन नसलेल्या) वायरमध्ये हेच असतं. त्यामुळे बाटलीत काय आहे हे कळल्याशिवाय हो पण नाही आणि नाही पण नाही.

पात्रांव_बार्देश

झालं सुरू. मागच्या वर्षी माझ्या बायकोनं काळे प्लॅस्टिकचे उलथने फेकून दिले, पाच होते, नॉनस्टिक तव्याचे, का तर व्हॉट्सॲपवर आलं की त्यात टीव्हीच्या भंगारातलं फ्लेम रिटार्डंट असतं. नंतर कळलं काय? ज्या २०२४ च्या संशोधनावरून हे उठलं त्यात गुणाकार चुकलेला! ६० किलोच्या माणसाला रोजची मर्यादा किलोमागे ७००० गुणिले ६० म्हणजे ४ लाख २० हजार नॅनोग्रॅम, त्यांनी लिहिलं ४२ हजार. एक शून्य खाल्लं आणि अंदाज आला होता ३४,७०० चा, म्हणून "मर्यादेच्या जवळ" अशी बोंब उठली जगभर. खरं बघितलं तर दहावा हिस्सा पण नाही. आमचे उलथने मात्र गेले ते गेले. डोस बघा रे डोस, नाव ऐकून घाबरू नका. आम्ही लहानपणी बाबांच्या स्कूटरच्या धुरात वाढलो, काय झालं?

रसायनवाले_सर

उलथन्याचं बरोबर आहे, चूक झाली होती आणि त्यांनी ती दुरुस्तही केली. पण पात्रांव, शून्य चुकलं म्हणून उलथन्यात सापडलेलं रसायन गायब होत नाही. प्रश्न हा की टीव्हीच्या मागच्या कव्हरातलं डेका-बीडीई (पेंटाचाच भाऊ) स्वयंपाकघरात आलंच कसं. रिसायकलिंगमधून आलं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीडीई वजनाच्या ०.१ टक्क्याच्या वर नको हा नियम आपल्याकडेही २०१४ पासून आहे, पण उलथनं काही इलेक्ट्रॉनिक वस्तू नाही.

आणि डोसचं म्हणाल तर ६० किलोच्या माणसाचा हिशोब १० किलोच्या पोरीला लावू नका. ती धूळ पण तुमच्यापेक्षा जास्त खाते.

सोफावाला_म्हापसा

नमस्कार, मी २२ वर्षं सोफ्याचं काम करतो म्हणून दोन शब्द. घरगुती सोफ्याला गिऱ्हाईक विचारतं डेन्सिटी किती, ३२ का ४०, आणि वॉरंटी किती, रिटार्डंट आहे का हे मला आजवर घरवाल्यांनी कुणी विचारलेलं नाही. एफआर फोम, म्हणजे रिटार्डंट घातलेला, मागतात ते थिएटरवाले, मोठी हॉटेलं, तो महाग पडतो आणि ऑर्डर देऊन मागवावा लागतो. म्हणजे तुमच्या सोफ्यात आधीच भरलंय असं समजून घाबरू नका. जपायचं असेल तर रिबॉंडेडपासून जपा, ती घट्ट रंगीबेरंगी ठिपक्याठिपक्यांची गादी असते ना ती, सगळीकडचे फोमचे तुकडे, कातरण, काय काय एकत्र दाबून बनवतात, त्यात कुठला तुकडा कुठून आलाय ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि जुना सोफा फाटून फोमचा पिवळा भुगा पडायला लागला की वर नवीन रेक्झिन चढवून द्या म्हणू नका, फोम बदला. ही धंद्याची गोष्ट नाही, त्या भुग्यात तुमचीच पोरं लोळतात.

निवृत्त_बंबवाला

सर, मग मोठ्या हॉटेलांना एफआर लागतो तो का लागतो? वेडे आहेत का ते? धुराचं तुम्ही म्हणता ते पुस्तकात ठीक आहे, पण पेटलंच नाही तर धूर येईल कुठून. सिगारेट, अगरबत्ती, मोबाइलचा चार्जर, सुरुवात इथून होते. सुरुवात थांबवणं हे अर्धं काम आहे.

रसायनवाले_सर

सुरुवात थांबवायला न धुमसणाऱ्या कापडाचं कव्हर पण चालतं काका, धुमसण्याची टेस्ट त्यासाठीच ठेवलीय. आणि सवय बघा या धंद्याची. १९७७ ला अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून ट्रिस नावाचं ब्रोमीनवालं रिटार्डंट काढायला लावलं, तर त्या जागी क्लोरीनवालं ट्रिस आलं, ते पण काढावं लागलं, आणि पुढे पेंटा बंद झाल्यावर तेच क्लोरीनवालं ट्रिस सोफ्याच्या फोममध्ये हजर! बाटली तीच, लेबल नवीन. शेवटी २०२० पासून कॅलिफोर्नियानं सोफे, गाद्या आणि मुलांच्या सामानात असली रसायनं मिसळायलाच बंदी घातली. तुमच्याच खात्यातल्या लोकांचं सांगतो, आग विझवण्याचं काम हे कॅन्सर करणारं काम म्हणून जागतिक कर्करोग संस्थेनं २०२२ मध्ये पहिल्या गटात टाकलंय. धुरात काय काय असतं ते तुमच्या फुप्फुसांना आमच्यापेक्षा जास्त माहीत.

निवृत्त_बंबवाला

ते खरं आहे. आमच्या बॅचचे दोघे गेले त्यानंच. मास्क होते पण घालायला वेळ कुणाला असायचा. तरी माझं मत बदललेलं नाही.

सोनसडोचा_वारा

तुम्ही सगळे घरातल्या सोफ्यात अडकलाय. हा सोफा मेल्यावर जातो कुठे? आम्ही मडगावच्या बाजूचे, सोनसडोचा कचरा पेटला की दिवसचे दिवस खिडक्या बंद करून बसलेली माणसं आम्ही. आणि गावोगाव ते भंगारअड्डे, संध्याकाळ झाली की तांब्यासाठी वायर जाळतात, टीव्हीची कव्हरं, फ्रिजचा फोम सगळं एकाच ढिगात. ब्रोमीनवालं प्लॅस्टिक उघड्यावर जाळलं की ब्रोमीनचे डायॉक्सिन तयार होतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात, मग गाळातून किड्यात, किड्यातून माशात आणि माशातून आपल्या ताटात. ध्रुवाकडच्या अस्वलांच्या अंगात पीबीडीई सापडलंय, तिथे कोण सोफा विकायला गेला होता?

आणि नरकासुर! गेल्या दिवाळीत आमच्या वाड्यावरच्या पोरांनी जाळायच्या पुतळ्याचं पोट मोठं दिसायला जुन्या गाडीच्या सीटचा फोम कोंबला. गवत, कागद भरायचे पूर्वी. पहाटे पेटवला तर असा काळा चिकट धूर, मी ओरडलो, तर मलाच म्हणतात अंकल एन्जॉय करा.

पात्रांव_बार्देश

भंगारवाल्यांच्या पोटावर पाय द्यायचा का आता? गरीब माणसं आहेत, दुसरं काय करतील. नरकासुराचं मान्य, तो फोम वाईटच.

सोनसडोचा_वारा

पोटावर पाय कुठे, सगळ्यात आधी मरतोय तोच. वायर सोलायचं मशीन मिळतं रे, जाळायची गरज नाही.

गाडीचं निघालंच आहे तर सांगतो, २०२४ मध्ये अमेरिकेत १०१ गाड्यांच्या आतली हवा आणि त्यातल्या निम्म्याएक गाड्यांच्या सीटचा फोम तपासला, ९९ टक्के गाड्यांत टीसीआयपीपी नावाचं फॉस्फरस-क्लोरीनवालं सापडलं, आणि उन्हाळ्यात हवेत जास्त. आपल्याकडे मे महिन्यात मिरामारला दुपारी गाडी लावून परत येऊन बघा. आत बसायच्या आधी दोन मिनिटं चारही काचा खाली करा, फुकट उपाय आहे.

होमस्टेवाली_अस्नोडा

सगळ्यांना थँक्स, आमच्या घरात पण असंच भांडण झालं म्हणा. अपडेट देते. सरांनी सांगितलं म्हणून एजंटला मेसेज टाकला की एमएसडीएस पाठवा, म्हणजे त्या रसायनाचा कागद, त्याशिवाय पैसे नाहीत. दोन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही, मग आज फोन आला. पडदे-सोफ्यावरचं सांगता येत नाही म्हणे, पण छपराच्या चुडतांवर मारतात ते बोरॅक्स आणि फॉस्फेटचं पाणी आहे. मी म्हटलं पाऊस आल्यावर? तर म्हणे दर वर्षी परत मारायचं. म्हणजे जूनच्या पहिल्या पावसात धुऊन जाणार आणि खाली आमच्या विहिरीच्या कट्ट्यावर ठिबकणार, ती विहीर छपराला लागूनच आहे.

नवऱ्याशी तडजोड झाली ती अशी: चुडतं काढून मंगळुरी कौलं घालायची, दोन खोल्यांना मागून दुसरा जिना, स्मोक अलार्म चार, वायरिंग झिरो हॅलोजनचं. गाद्या काथ्या-कापसाच्या, पिंजारी मिळाला तर. बंबवाले काका, जिना किती रुंद ठेवू? आणि सोफावाले दादा, सोफ्याचा फोम काढून टाकायचाय, तुमचं दुकान कुठल्या दिवशी बंद असतं?

सोफावाला_म्हापसा

रविवारी. शुक्रवारी येऊ नका ताई, बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळणार नाही. फोमचं माप घेऊन या.

निवृत्त_बंबवाला

जिना एक मीटरच्या खाली नको, आणि त्याच्या खाली गॅसचे सिलिंडर ठेवू नका, सगळे ठेवतात. पडद्यांचं मी अजून सोडलेलं नाही.