सामाजिक-भावनिक कौशल्यांसाठी स्वतंत्र तासिका हवी की नको?

सहावीची वर्गशिक्षिका, दक्षिण नागपूर

आठवड्यातून एक तासिका सामाजिक-भावनिक कौशल्यांसाठी राखून ठेवावी, असा प्रस्ताव मी आमच्या शिक्षकसभेत मांडला आणि ‘अभ्यासक्रमच पुरा होत नाही’ या एका वाक्यात तो बाजूला पडला. तरीही मला तो सोडवत नाही, याचे कारण सांगते.

तान्हा पोळा होऊन शाळा भरली, तेव्हा एक मुलगा आपला लाकडी बैल दप्तरातून घेऊन आला होता. मधल्या सुट्टीतल्या ओढाताणीत बैलाचा पुढचा पाय मोडला. “मॅडम, यानं माह्या बैलाचा पाय तोडला जी,” असे म्हणत तो माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या मुठीत कर्कटक होता. काही वर्षांपूर्वी मी दोघांनाही वर्गाबाहेर उभे केले असते. या वेळी मी दोघांना बाकावर बसवले आणि समोरचा काय म्हणाला ते आधी आपल्या शब्दांत सांगायचे, मगच आपले गाऱ्हाणे मांडायचे, एवढाच नियम घातला. दुसरा मुलगा बराच वेळ मान खाली घालून बसला आणि मग म्हणाला, “माह्याकडे बैलच नाही.” गणिताची अर्धी तासिका त्यात गेली. दुसऱ्या दिवशी दोघे फेव्हिकॉल आणि सुतळी घेऊन तो पाय बसवत होते.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले की, या मुलांकडे ‘राग आला’ याखेरीज शब्दच नाही. अपमान, हेवा, भीती, एकटेपणा हे सारे त्या एका शब्दात कोंबलेले असते. मनात काय चालले आहे ते ओळखून त्याला नाव देणे हे अपूर्णांकांच्या बेरजेइतकेच शिकवण्याजोगे कौशल्य आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत भावनांचे आणि ताणतणावांचे समायोजन ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत. दिल्लीच्या सरकारी शाळांनी 2018 मध्ये नर्सरी ते आठवीसाठी आनंद अभ्यासक्रम सुरू केला, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही बौद्धिक क्षमतांच्या जोडीने सामाजिक व भावनिक क्षमतांचा उल्लेख आहे. मग आपल्या वेळापत्रकात त्यासाठी पस्तीस मिनिटे का असू नयेत?

निवृत्त मुख्याध्यापक, महाल

मॅडम, आपण सांगितलेला प्रसंग सुंदर आहे, परंतु तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे, कारण आपण जे शिकवले ते कोणत्याही तासिकेशिवाय, ज्या क्षणी गरज होती त्या क्षणी शिकवले. मूल्यशिक्षणाचे काय झाले ते मी जवळून पाहिले आहे. परिपाठात मुले मूल्यांची नावे एका सुरात म्हणत, वहीत ‘श्रमप्रतिष्ठा’ची व्याख्या सुवाच्य अक्षरात लिहीत, आणि त्याच मुलांपैकी कोणी उशिरा आले तर त्याला शिक्षा म्हणून व्हरांडा झाडायला लावत. व्याख्या आणि झाडू यांच्यातला विरोध कोणालाही खटकत नसे. आपल्याकडे जी गोष्ट वेळापत्रकात शिरते ती परीक्षेतून बाहेर पडते.

शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला 2009 मध्येच बंदी घातली, तरी ‘तुझ्या डोक्यात काय भरले आहे’ हे वाक्य वर्गावर्गांतून आजही ऐकू येते. जो शिक्षक स्वतःचा राग फळ्यावर डस्टर आपटून काढतो, तो संयमाचा पाठ कसा देणार? आधी मोठ्यांना शिकवा, मुले पाहून शिकतील.

पालक, मानेवाडा

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माझ्या मुलीच्या शाळेत, शाळेचे नाव मी घेत नाही, भिंतीवर भावनांचा तक्ता होता. रोज सकाळी प्रत्येक मुलाने आपल्या नावापुढे हसरा, रडका, रागीट किंवा शांत असा एक चेहरा लावायचा. तिचे वडील गेले त्याला दोन महिनेही झाले नव्हते. घरी आल्यावर ती म्हणाली, “आई, मी हसराच लावला. नाही तर सगळ्यांनी विचारलं असतं.” त्यानंतर ती तो चेहरा रोज लावत राहिली आणि शाळेकडून ‘मुलगी छान सावरली’ असे मला कळवण्यात आले. मन मोकळे करायला शिकवण्याच्या उपक्रमातून माझी मुलगी मन झाकायला शिकली. अठ्ठेचाळीस मुलांसमोर कोणी आपले दुःख का मांडावे?

शालेय समुपदेशक, धंतोली

दोन्ही बाजूंना संशोधनाचा आधार आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात 213 कार्यक्रम आणि 2,70,034 विद्यार्थी यांचा विचार झाला होता. त्यात अशा कार्यक्रमांतील मुलांची सामाजिक-भावनिक कौशल्ये आणि वर्तन तर सुधारलेच, शिवाय शैक्षणिक संपादणूकही सरासरी 11 शततमकांनी (पर्सेंटाइल, म्हणजे शंभरांच्या क्रमवारीतील स्थान) उंचावली. उल्लेखनीय म्हणजे, हे काम नेहमीचे वर्गशिक्षकही यशस्वीपणे करू शकले. कौशल्ये क्रमाने, प्रत्यक्ष कृतीतून आणि नेमके उद्दिष्ट ठेवून शिकवली गेली तेथे परिणाम अधिक चांगले आढळले. सर, म्हणूनच ‘पाहून शिकतील’ एवढे पुरेसे ठरत नाही.

परंतु ब्रिटनमध्ये 85 शाळांतील 8,000 हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे आणि मनातल्या विचारांकडे शांतपणे लक्ष देण्याच्या) प्रयोगाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले, तेव्हा प्रशिक्षित शिक्षक असूनही नेहमीच्या अध्यापनापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. कौशल्य शिकवणे आणि सर्वांदेखत मन उघडे करायला लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी वर्गात होऊ नये. मानेवाड्याच्या ताईंच्या मुलीला तक्त्याची नव्हे, दार लावून बसणाऱ्या एका माणसाची गरज होती.

जिल्हा परिषद शिक्षक, हिंगणा

दोन शिक्षक, पाच वर्ग, त्यात निवडणुकीचे काम आणि दररोजची ऑनलाइन माहिती. तासिकेला विरोध नाही, पण ती घेणार कोण?

सहावीची वर्गशिक्षिका, दक्षिण नागपूर

ताई, आपले लिहिणे वाचून मी बराच वेळ थांबले, कारण तसाच तक्ता माझ्याही प्रस्तावात होता. तो मी काढून टाकते. मुलांनी स्वतःविषयी न बोलता पाठातल्या पात्राविषयी बोलावे, आणि ज्याला गप्प राहायचे आहे त्याला गप्प राहता यावे, असा बदल मी करीत आहे. गुण नाहीत, नोंदवही नाही.

सर, तासिकेचा आग्रह मात्र मी सोडत नाही. त्या दिवशी बैलाचा पाय मोडला म्हणून मला संधी मिळाली. ज्याच्याकडे बैलच नव्हता तो मुलगा जूनअखेरीपासून त्याच बाकावर बसत होता, आणि काही मोडेपर्यंत त्याच्याशी बोलायला माझ्याकडे वेळ नव्हता.

पालक, मानेवाडा

तक्ता काढलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. तरी एक विचारते. पात्राविषयी बोलता बोलता एखाद्या लेकराने घरातल्या मारहाणीचे सांगितले, तर त्या दिवशी घंटा झाल्यावर आपण नेमके काय करणार, हे प्रस्तावात लिहिले आहे का? 1098 ही बालकांची मदतवाहिनी आहे, हे आपल्या शाळेत किती शिक्षकांना ठाऊक आहे? ते लिहिलेले असेल, तर पालकसभेत मी आपल्या बाजूने हात वर करीन.