'सेम'ला 'सामे' वाचणाऱ्या जपानी मुलांना इंग्रजी कसं शिकवू?

हामामात्सुची शिक्षिका

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी पुण्याहून हामामात्सुला आले. डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढली की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, म्हणून एप्रिलपासून एका छोट्या एइकाइवात, म्हणजे इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासमध्ये जाते. ड्रायक्लीनरच्या दुकानावरची एकच खोली, एकूण अकरा मुलं. मंगळवारी चारला तिसरीची पाच जणं येतात. बूट काढून त्यांची टोकं दाराकडे वळवतात, पाठीवरची रान्दोसेरू, म्हणजे शाळेची दप्तरं, भिंतीला टेकवतात आणि गुडघे दुमडून बसतात. फार गोड मुलं आहेत.

परवा फळ्यावर एस-ए-एम-ई लिहिलं. एक मुलगा ताडकन 'सामे!' म्हणाला आणि डोक्यावर तळहात उभा धरून माशाचा पर करून दाखवला. सामे म्हणजे शार्क. 'सिट'चंही तेच, सगळे 'शित्तो' वाचतात. मला पुढे काय सांगावं ते सुचेना.

शिवाय एक मुलगी सहा आठवड्यांत एक शब्द बोललेली नाही. वहीत सगळं बरोबर लिहिते. आणि एका आईने मालकीणबाईंना विचारलं, नेटिव्ह टीचर कधी येणार? ते फार लागलं मनाला. कुणी लहान मुलांना शिकवलं असेल तर सांगा.

साइतामाकर

ताई, तो मुलगा चुकलेला नाही. तिसरीतच शाळेत जपानीच्या तासाला रोमाजी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत जपानी लिहायला, शिकवतात. त्यात ए म्हणजे 'आ' आणि ई म्हणजे 'ए'. शाळेतल्या जुन्या पद्धतीत 'शि' लिहायचा तो एस-आय, 'त्सु' टी-यू. त्या हिशेबाने सेमचं सामे, मेकचं माके, सिटचं शित्तो अगदी बरोबर आहे. त्याला 'चूक' म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो तोंडच उघडणार नाही. मी दोन खडू वापरते. लाल म्हणजे रोमाजी, निळा म्हणजे इंग्रजी. एकच शब्द दोनदा लिहायचा; लाल वाचला की शार्क, निळा वाचला की सेम. मुलं खडूकडे बघून आपोआप बदलतात.

दुसरं, ठोके. जपानीत व्यंजनामागे बहुतेक वेळा स्वर येतोच. स्ट्राइक त्यांच्या तोंडी सु-तो-रा-इ-कु होतो, पाच टाळ्यांचा. इंग्रजीत एकच टाळी. दोन्ही टाळ्या वाजवून घ्या, फरक कानाला कळतो. आपल्याला शेवटचा पाय मोडलेला 'त्' लहानपणापासून माहीत असतो, त्यांच्या लिपीत पाय मोडायची सोयच नाही. म्हणून मी मूठ वापरते. 'कॅट' म्हणताना तळहात उघडा, शेवटी मूठ घट्ट. मागचा 'तो' मुठीत अडकला पाहिजे. माझ्याकडचा एक मुलगा तर मूठ ओठांवर दाबून धरायचा, इतकी त्याला त्या 'तो'ची काळजी.

मुलीचं म्हणाल तर सहा आठवडे काहीच नाहीत. एकट्याने सगळ्यांसमोर चुकायची भीती इथे फार असते. माझ्याकडे एक जण एप्रिल ते जुलै गप्प होता. त्याला मी कार्डं वाटायचं काम दिलं. मागणाऱ्याने 'कार्ड, प्लीज' म्हणायचं, त्याने नुसतं द्यायचं. सप्टेंबरात एकदा माझ्याकडे पाठ करून तो मैत्रिणीला 'हिअर यू आर' म्हणाला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

नागोया_१२

त्या आईचं मनावर घेऊ नका. २०२० पासून शाळेत तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजीची ओळख आणि पाचवी-सहावीला ७० तासांचा रीतसर विषय, तोही प्रगतिपुस्तकात. आयांना त्याची धास्ती असते. मालकीणबाईंना सांगून एक दिवस पालकांना वर्गात बसवा. शाळेतल्या 'जुग्यो सानकान'मुळे, म्हणजे पालकांनी तास बघायला यायच्या दिवसामुळे, त्यांना त्याची सवय असते. त्या दिवशी ल आणि र घ्या, हातात आरसा देऊन. 'लाइट'ला जिभेचं टोक दातांमागे टेकवून धरायचं, 'राइट'ला ते टोक कुठेच टेकवायचं नाही. इंग्रजी आपण स्वतः शिकून मिळवली आहे, त्यामुळे जीभ कुठे ठेवायची हे आपल्याला सांगता येतं. जिला ती जन्मापासून येते तिला ते बरेचदा सांगता येत नाही.

हामामात्सुची शिक्षिका

दोघींचे मनापासून आभार. खडू मालकीणबाईंनी स्वतः आणून दिले, आणि पालकांचा दिवस जूनच्या शेवटी ठरला. काल शार्कवाल्या मुलाने निळा 'सेम' वाचला आणि लगेच लाल खडू मागून घेतला. कार्डं त्या मुलीकडे सोपवली. बोलली नाही. पण मुठीचा खेळ घेतला तेव्हा 'डॉग'ला तिची मूठ सगळ्यांच्या आधी मिटली, आणि ओठ हलले.

पुढच्या मंगळवारी 'काइट' घेते आहे. लाल खडूने तो 'किते' होतो, म्हणजे 'ये'.