मदत हवी आहे: दोन वेगळ्या इंजिनांचे क्रँककेस जुळवताना

१९७५ च्या यामाहा वायझेड २५० या मोनोशॉक (मागे एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या) मोटोक्रॉस मोटरसायकलचे इंजिन मी भंगारातून मिळवलेल्या भागांतून पुन्हा उभे करत आहे. क्रँककेसचे (क्रँकशाफ्ट ज्यात बसतो त्या इंजिनाच्या कवचाचे) दोन अर्धे भाग निराळ्या इंजिनांचे आहेत. मुळात अशा जोड्यांचे मशिनिंग एकत्रच होते, ही खरी अडचण. बेअरिंग व डॉवेल पिना (दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) नव्या आहेत, क्रँकशाफ्ट सेंटरवर (दोन टोकांच्या आधारावर फिरवून) तपासून सरळ असल्याची खात्री केली आहे. तरीही बोल्ट आवळताच तो जड फिरतो, टोकांवर हलके ठोकून बाजूचा ताण मोकळा केला तरी फरक पडत नाही, आणि सिलिंडरच्या बैठकीवर जोडाशी किंचित पायरी लागते. मूळ जोडी मिळत नसल्यामुळे हेच भाग वाचवायचे आहेत. अशा वेळी डॉवेलची छिद्रे भरून नव्याने पाडावीत, की बेअरिंगच्या बैठकी भरून दोन्ही भागांचे एकत्र लाइन-बोरिंग (दोन्हीकडच्या बैठकी एका सरळ रेषेत कोरणे) करावे?