हिस्पॅनिक मुलांचं आरोग्य: अडतं पैशावर की कागदावर?

मेथीदाणा (धागा)

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या किंवा त्या वंशाच्या) कुटुंबांच्या आरोग्याचा विषय निघाला की गाडी "गरिबी आहे हो" इथवर येते आणि तिथेच बंद पडते. गरिबी आहेच. पण माझ्या मते मुलांचं घोडं पेंड खातं ते आईबापांच्या इमिग्रेशनच्या कागदांपाशी. यातली बहुसंख्य मुलं तिथेच जन्मलेली, म्हणजे जन्मतः नागरिक. हक्क मुलाचा, पण त्यासाठी खिडकीशी उभं राहायचं आईबापांनी.

टेक्ससमधलं चौघांचं घर धरा. आईबाप बिनकागदाचे, दोन्ही मुलं नागरिक. फूड स्टॅम्प (हल्ली स्नॅप) मुलांपुरतेच, म्हणजे शिधा दोघांचा आणि ताटं चार. बाप आयटीआयएन क्रमांकावर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना करापुरता मिळणारा) कर भरतो, पण कमी कमाईवाल्यांची ईआयटीसी सवलत त्याला नाही, कारण तिला नवराबायको दोघांचेही सोशल सिक्युरिटी नंबर लागतात. चाइल्ड टॅक्स क्रेडिटला आधी मुलाचा नंबर पुरायचा. 2025च्या कायद्याने आईबापांपैकी निदान एकाचा तरी सक्तीचा केला. मुलामागे 2,200 डॉलरची सवलत गेली. मूल तेच, त्याचा जन्मदाखलाही तोच.

तिरकस तात्या

करसवलतीचं मान्य. पण आरोग्याचं काय? फक्त मुलासाठी मेडिकेडचा (गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) अर्ज असेल तर आईबापांना स्वतःचा नंबर किंवा इमिग्रेशनची स्थिती लिहावी लागत नाही. 'स्वतःसाठी अर्ज करत नाही' यावर खूण करायची, उत्पन्न आणि पत्ता द्यायचा, संपलं. टेक्ससमध्ये मुलांच्या 'चिप' विम्याची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या साधारण दुप्पट आहे. 2025ची रेषा चौघांना 32,150 डॉलर, म्हणजे 64 हजारांच्या घरातलं मूलही त्यात बसतं. 'विक' योजना (गरोदर बायका, बाळंतिणी आणि 5 वर्षांखालची मुलं) तर कागद विचारतच नाही. दार उघडं असून कोणी आत जात नसेल तर दोष दाराला का द्यायचा?

आणि ग्रीन कार्डवाल्यांनी सरकारी मदतीसाठी 5 वर्षं थांबायची ही 1996च्या कायद्याची अट काय फक्त मेक्सिकोवाल्यांना आहे? पुण्याहून ग्रीन कार्डावर आणलेल्या आईवडिलांनाही ती आहेच. आपण रडतो का?

कोरा फॉर्म

रडतो की! 'आईबाबांचा इन्शुरन्स' हा धागा दर दोन महिन्यांनी वर येतो.

तात्या, मेडिकेड मिळवण्यापेक्षा टिकवणं अवघड आहे. कोविडमुळे मार्च 2020पासून राज्यांना कोणाचं नाव काढता येत नव्हतं. ती सोय 31 मार्च 2023ला संपली आणि सगळ्यांची फेरतपासणी सुरू झाली. देशभरात ज्यांची नावं उडाली, त्यातल्या साधारण 10पैकी 7 जणांचं उत्पन्न जास्त निघालं नव्हतं, कागद वेळेत पोचले नव्हते.

हे होतं कसं, तर लिफाफा जातो जुन्या पत्त्यावर, आणि भाड्याचं घर मध्ये दोनदा बदललेलं असतं. मिळालाच तर पगाराच्या पावत्या मागतात. छपरं घालणाऱ्याला, बागकाम करणाऱ्याला पगार रोख. मग मालकाचं पत्र आणा म्हणतात. मालक ते देत नाही, कारण त्याने माणूस पटावर घेतलेलाच नसतो. उलटही होतं: ओव्हरटाइमच्या दोन आठवड्यांच्या पावत्या जोडल्या की महिन्याचा आकडा फुगतो आणि मूल मर्यादेबाहेर. नाव उडाल्याचं कळतं ते बहुधा फार्मसीच्या काउंटरवर, इनहेलर घ्यायला गेल्यावर. 1 जानेवारी 2024पासून एकदा मंजूर झालेल्या मुलाला 12 महिने सहसा काढता येत नाही, एवढं बरं झालं. पण तेरावा महिना येतोच.

मेथीदाणा

आणि "पत्ता द्यायचा, संपलं" म्हणालात त्यावर. सरकारी मदत घेतली की ग्रीन कार्ड नाकारायचं, असा 'पब्लिक चार्ज'चा कडक नियम फेब्रुवारी 2020पासून मार्च 2021पर्यंत होता. त्यात मुलांचं मेडिकेड मोजलं जाणारच नव्हतं, तरी लोकांनी मुलांची नावं काढून घेतली. याला तुम्ही अफवा म्हणाल. पण जून 2025मध्ये केंद्राने कॅलिफोर्नियासह काही राज्यांतल्या मेडिकेडधारकांची माहिती होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या खात्याकडे, दिली. ही अफवा नव्हती. अशा वेळी फॉर्मवर पत्ता लिहिताना हात थबकणार नाही का?

उंबरठा

मेथीदाणा, तुमचं सगळं खरं धरलं तरी पोर्तो रिको (अमेरिकेच्या अखत्यारीतलं, पण राज्य नसलेलं कॅरिबियन बेट) तुमच्या सिद्धांतात बसत नाही. तिथले लोक 1917पासून अमेरिकन नागरिक, कागदांचा प्रश्नच नाही. तरी अमेरिकेतल्या सगळ्या गटांत दम्याचं प्रमाण पोर्तो रिकन मुलांत सर्वांत जास्त, आणि मेक्सिकन मुलांत, जिथे कागदांची रड मोठी, ते बरंच कमी. दोघांनाही 'हिस्पॅनिक' हीच चिठ्ठी लावली की असा घोटाळा होतो.

बेटावरची निम्म्याच्या आसपास मुलं दारिद्र्यरेषेखाली, आणि पैशाचं सूत्रच वेगळं. राज्यांना मेडिकेडच्या खर्चाच्या प्रमाणात केंद्राकडून पैसा येत राहतो; पोर्तो रिकोला वर्षाची कमाल मर्यादा. फूड स्टॅम्पऐवजी 1982पासून ठोक अनुदान. अपंग मुलांचा एसएसआय भत्ता तिथे लागू नाही, आणि ते घटनाबाह्य नाही असं सुप्रीम कोर्टाने 2022मध्ये सांगून टाकलं. टेक्ससबद्दलही सांगा: तिथे दोन मुलांच्या एकट्या आईला मेडिकेड हवं तर महिन्याची कमाई साधारण 230 डॉलरच्या आत लागते. ही अट नागरिक आईलाही आहे. यात कागद कुठे आला?

दम्याचं मूळ बरंचसं भिंतीत असतं. न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉंक्समधल्या जुन्या इमारतींत गळका नळ, त्याच्यामागे बुरशी, पाइपाच्या भोकातून झुरळं आणि उंदीर. आई फवारा मारते, त्या वासानेच पोराला धाप लागते. झुरळांसाठी जेलचं आमिष कोपऱ्यात ठेवायचं, भोकात स्टीलची लोकर कोंबून वर सीलंट भरायचं, आणि आधी गळती बंद करायची. नाहीतर बुरशी पुसली तरी महिन्याभरात परत येते. न्यूयॉर्क शहराने 2018च्या लोकल लॉ 55ने हे काम घरमालकावर टाकलं. बाकी ठिकाणी डॉक्टर इनहेलर वाढवत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तिरकस तात्या

वा उंबरठा, पण आता तुम्हीही अडकलात. पैसा हेच कारण असेल तर 'हिस्पॅनिक पॅराडॉक्स'चं काय करणार? 1980च्या दशकापासून हे माहीत आहे: गरीब, विमा नाही, तरी आयुर्मान गोऱ्यांपेक्षा जास्त. 2019मध्ये हिस्पॅनिकांचं सुमारे 82 वर्षं, गोऱ्यांचं 79च्या आत. मेक्सिकोहून आलेल्या आयांच्या बाळांची जन्मवजनंही चांगली. बिघडतं ते पुढच्या पिढीत, म्हणजे पैसा थोडा वाढल्यावर. 2017 ते 2020च्या राष्ट्रीय मोजणीत हिस्पॅनिक मुलांत लठ्ठपणा 26 टक्के, गोऱ्या मुलांत 17च्या आत. हा खाण्याचा प्रश्न आहे, आणि खाणं घरात ठरतं.

उंबरठा

2019वरच थांबलात हे सोयीचं. 2021पर्यंत त्या 82मधली सुमारे 4 वर्षं कोविडने नेली, गोऱ्यांपेक्षा जास्त. मांस कारखाने, शेतं, एका घरात तीन पिढ्या. आणि परदेशातून येतात तेच मुळात धडधाकट. फार आजारी पडलेले काहीजण परत जातात. आयुर्मानाच्या आकड्यात हे दोन्ही मिसळलेलं असतं.

घटप्रभा

खाणं घरात ठरतं? तात्या, थोडं मक्याच्या पिठाकडे या.

1998पासून अमेरिकेत समृद्ध गव्हाच्या पिठात फोलिक ॲसिड घालणं सक्तीचं आहे, 100 ग्रॅमला 140 मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूचे आणि पाठीच्या कण्याचे जन्मदोष त्याने कमी झाले. पण मासा, म्हणजे चुन्याच्या पाण्यात मका शिजवून दळलेलं टॉर्टियाचं पीठ, त्या यादीत नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाव होता. हिस्पॅनिक बायकांच्या बाळांत हे दोष आधीच जास्त. 1991मध्ये टेक्ससच्या ब्राउन्सव्हिलमध्ये 36 तासांत मेंदूची वाढ न झालेली 3 बाळं जन्मली, तेव्हापासून हे सगळ्यांना ठाऊक. तरी मासाच्या पिठात फोलिक ॲसिड घालायची परवानगी मिळाली 2016ला, आणि तीही ऐच्छिक. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2026पासून सक्ती केली, पौंडाला 0.7 मिलिग्रॅम. कण्याची जडणघडण गरोदरपणाच्या पहिल्या 28 दिवसांत होते, तेव्हा बाईला दिवस गेल्याचं माहीतही नसतं. गोळी तिथे उशिरा पोचते, पीठ वेळेत पोचतं. यात ना आईचा दोष, ना कागदांचा.

आता पाणी. कॅलिफोर्नियाच्या तुलारे काउंटीत खतांमुळे विहिरींत नायट्रेट. मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम (नायट्रोजन म्हणून मोजल्यास). पाणी उकळलं की नायट्रेट जात नाही, उलट आटून वाढतं. पाण्याच्या जारमधल्या कोळशाच्या फिल्टरनेही ते जात नाही, रिव्हर्स ऑस्मोसिस लागतं. त्या पाण्यात तान्ह्याचं दूध कालवलं तर बाळ निळं पडू शकतं. सीमेवरच्या टेक्ससमधल्या कित्येक 'कोलोनिया' वस्त्यांत वर्षानुवर्षं नळच नव्हता. पाणी विकतच घ्यायचं तर शेजारची कोल्ड्रिंकची बाटली महाग वाटत नाही. जूसचंही तसंच: अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटना एक वर्षाखाली जूस नको म्हणते, 1 ते 3 वयात दिवसाला फार तर 4 औंस. पण 'विक'च्या पिशवीतच मुलामागे महिन्याला 128 औंस जूस यायचा. 2024च्या फेरबदलात तो 64 केला.

साबुदाणा

भाषेचं कोणीच बोललं नाही. 'इन्टॉक्सिकादो' हा शब्द घ्या. क्यूबन माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ, आपल्या भाषेत, "काहीतरी बाधलंय". 1980मध्ये फ्लोरिडात 18 वर्षांच्या विली रामिरेझबद्दल घरच्यांनी तो वापरला, डॉक्टरांनी 'नशा' असा घेतला आणि औषधाचा ओव्हरडोस समजून उपचार केले. मेंदूतला रक्तस्राव होता. मुलगा हातापायांनी कायमचा लुळा झाला, भरपाई 7 कोटी डॉलरच्या वर गेली.

रोजच्या चुका लहान असतात. बाटलीवर इंग्रजीत 'वन्स' लिहिलेलं असतं, त्याची अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' वाचली जातात, म्हणजे अकरा. चमच्याचं माप सांगितलं तर स्वयंपाकघरातला चमचा येतो. तोंडातून द्यायची सिरिंज घ्यावी, तिच्यावर मापाच्या रेषेशी चिकटपट्टी लावून द्यावी, आणि आईला एकदा भरून दाखवायला सांगावं. दहा वर्षांच्या पोराला दुभाषा करणं आणीबाणी सोडली तर नियमबाह्य आहे; तरी गर्दीत तेच होतं.

आणि 'एम्पाचो'. अन्न पोटात चिकटून बसलंय अशी समजूत, उपाय पोट चोळणं. चोळण्याने काही बिघडत नाही. पण 'ग्रेता' (पिवळी) आणि 'आसार्कोन' (केशरी) या पुडींत शिसंच असतं. रक्तातल्या शिशाची इशारापातळी 2021पासून डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम आहे. "घरगुती औषध देता का" विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. पुडीचं नाव आणि रंग सांगून विचारावं. हसू नका, शिशाच्या त्याच यादीत आपलं कुंकू-शेंदूरही आहे.

तिरकस तात्या

पिठाचं आणि पाण्याचं पटलं. तिथे माझं "घरात ठरतं" चालत नाही. पण मग पिठासारखंच करा: एका ठिकाणी दुरुस्ती, सगळ्यांना फायदा. घरोघरी डॉलर वाटण्याने काय होणार?

उंबरठा

2021 बघा. त्या वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिट वाढवलं: 6 वर्षांखालच्या मुलाला वर्षाला 3,600 आणि त्यावरच्याला 3,000 डॉलर, त्यातला निम्मा जुलै ते डिसेंबर दरमहा थेट खात्यात. घरात कमाई असण्याचीही अट नव्हती. हिस्पॅनिक मुलांतली गरिबी (सरकारी मदत धरून मोजलेली) त्या वर्षी 8.4 टक्के होती. योजना संपली, 2022ला 19.5. उपाय चालतो की नाही, हे याहून स्पष्ट कोण दाखवणार?

मेथीदाणा

त्या वर्षी आईबापांचा आयटीआयएन चालत होता, मुलाचा नंबर पुरायचा. तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.

तिरकस तात्या

आणि ते पैसे आले कुठून, हे तुम्हा दोघांचंही राहिलं. नवा धागा काढा, येतो.