जोरकस घोड्यासाठी कोणते कडियाळे घ्यावे?

कुमाईत:
नमस्कार. शर्यतीतून निवृत्त झालेला सात वर्षांचा, खच्ची केलेला थरोब्रेड जातीचा घोडा गेल्या सहा महिन्यांपासून माझ्याकडे आहे. रिंगणात तो समजूतदार असतो. परंतु मोकळ्या माळावर कॅंटर (मध्यम वेगाची दौड) सुरू झाला की मान पुढे ताणून कडियाळ्यावर, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या दांडीवर, सगळा भार टाकतो, आणि मी लगाम जितका खेचतो तितका त्याचा वेग वाढतो. सध्या एका सांध्याचे, सैल कड्यांचे स्नॅफल, म्हणजे लगाम थेट बाजूच्या कड्यांना जोडलेले साधे कडियाळे, वापरतो. त्याची रुंदी १४ सेंटिमीटर आणि जाडी १८ मिलिमीटर आहे. जाड म्हणजे सौम्य, असे ऐकले होते म्हणून ते घेतले. तबेल्यातील मंडळी पेलम किंवा गॅग ही अधिक कडक कडियाळी सुचवतात, तर मोतद्दाराच्या मते काटेरी कडियाळे एकदा लावले की घोडा सरळ होतो. ते मी कदापि लावणार नाही, पण मागच्या रविवारी घोडा मला घेऊन थेट डांबरी रस्त्यापर्यंत गेला, तेव्हापासून मनात धास्ती आहे. काय घ्यावे?

जुनी पागा:
काटेरी कडियाळ्याचा विषय आधी संपवतो. स्वारीसाठी किंवा गाडीसाठी काटे, गाठी किंवा टोके असलेले साहित्य वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातलेली आहे, तरीही ते बाजारात मिळते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. शिवाय वेदनेपासून दूर पळणे हा घोड्याचा स्वभाव असल्याने तोंडात टोचले तर तो थांबण्याऐवजी उधळण्याचीच शक्यता अधिक.

आता आपल्या घोड्याविषयी. शर्यतीच्या सरावात स्वार लगाम आखूड आणि ताणलेला धरतो व घोडा त्यावर टेकून धावायला शिकतो. म्हणजे आपण ज्याला ‘थांब’ समजता तो ताण त्याच्या लेखी ‘चल’ आहे. हे कडियाळे बदलून जाणार नाही. मात्र आपले कडियाळे मला चुकीचेच वाटते. थरोब्रेडचे तोंड बहुधा लहान, टाळू सखल आणि जीभ जाड असते, तेव्हा १८ मिलिमीटरच्या दांडीला आत जागाच उरत नाही. ते रुंदीलाही जास्त असेल तर लगाम खेचताच मधला सांधा टाळूला टोचू शकतो. ओठांच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळे राहील अशी रुंदी मोजून घ्या, आणि सुमारे १४ मिलिमीटर जाडीचे, मध्ये गुळगुळीत चपटा मणी असलेले दोन सांध्यांचे स्नॅफल लावून पाहा. सैल कड्यांऐवजी अंडाकृती स्थिर कड्या घेतल्यास ओठाचे कोपरे चिमटणार नाहीत.

पण खरेदीपूर्वी पशुवैद्यांकडून दात तपासून घ्या. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या असतील, किंवा पहिल्या दाढेपुढे वुल्फ टूथ म्हणतात तो बारीक दात असेल, तर कोणतेही कडियाळे त्याला सुख देणार नाही. खोगीर पाठीला रुतत नाही ना, आणि कामाच्या मानाने ओट्स व हरभरा जास्त पडत नाही ना, हेही त्याच वेळी पाहा.

रिकीब:
वरील सल्ला योग्य आहे, तरी एक गोष्ट राहून गेली असे मला वाटते. प्रशिक्षणाला महिने लागतात, आणि तोवर घोडा रस्त्यावर पोहोचला तर स्वाराचा व घोड्याचा, दोघांचाही जीव धोक्यात येतो. त्यामुळे माळावर, आणि फक्त माळावरच, बाजूला आखूड उभ्या दांड्या असलेले पेलम वापरण्यात मला गैर दिसत नाही. मात्र ते दोन लगामांनीच वापरावे. वरचा लगाम नेहमीच्या कामासाठी आणि खालचा सैल, गरजेपुरता. खालचा लगाम ओढला की दांडी तरफेसारखी फिरते, हनुवटीखालची साखळी आवळते व माथ्यावर दाब येतो. हात स्थिर नसेल तर हेच साधन क्रूर ठरते. गॅग मात्र टाळा. पोलोत तो सर्रास दिसतो, पण तो एकाच वेळी कडियाळे तोंडात वर खेचतो आणि माथा खाली दाबतो. मान ताणणाऱ्या घोड्याला यातून नेमके काय समजावे, हे मला अजून कळलेले नाही.

आणि सतत खेचू नका. क्षणभर धरा, सोडा, पुन्हा धरा. ज्यावर टेकायचे तेच सुटले की घोड्याला स्वतःचा तोल सांभाळावा लागतो. मोठ्या वर्तुळात वळवून, वर्तुळ हळूहळू लहान करत वेग उतरवण्याचा सराव आधी रिंगणात करा.

कुमाईत:
दोघांचेही आभार. काल पशुवैद्य येऊन गेले. वरच्या जबड्यात उजवीकडे तो बारीक दात निघाला आणि दोन्ही गालांच्या आतल्या बाजूला दाढांनी कापल्याच्या खुणा होत्या. दात काढला, कडा घासल्या. जखम भरेपर्यंत तोंडात कोणतेही कडियाळे घालायचे नाही. तोंडाची रुंदी दोरीने मोजली, ती साडेबारा सेंटिमीटर भरली, म्हणजे माझे कडियाळे चांगलेच ढगळ होते. दोन सांध्यांचे साडेतेरा सेंटिमीटरचे मागवले आहे. पेलमचा निर्णय रिंगणातला सराव झाल्यावर घेईन, तोवर माळ बंद.