शेजारी छळतोय: प्रार्थना करून गप्प राहावं की पोलीस थान्यात जावं?

वरच्या मजल्यावरची

सलाम. आम्ही ख्रिस्ती, इंदूरला परदेशीपुऱ्याच्या अलीकडे राहतो. दुमजली घर, वर आम्ही भाड्याने: सासूबाई, मी आणि मुलगी. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यजमान पीथमपूरला कारखान्यात, महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी.

खालच्या बिऱ्हाडातल्या माणसाने गेल्या पावसाळ्यापासून जीव नकोसा केलाय. सुरुवात पाण्यावरून झाली. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि त्याने मोटर लावली की आमच्या नळाला थेंब येत नाही. मी एकदा बोलले, तेवढंच. तेव्हापासून जिन्याच्या तोंडाशी स्कूटर आडवी, दारासमोर खरकटं, रात्री साडेबारापर्यंत स्पीकर. शुक्रवारी संध्याकाळी आमची कुटुंब प्रार्थना असते, त्या वेळी आवाज मुद्दाम वाढतो. सासूबाई म्हणाल्या, सोस. सोसलं.

दोन महिन्यांपूर्वी मुलगी जिना चढत असताना तो तिला काहीतरी घाणेरडं बोलला. नंतर आणखी दोनदा. आता मी गेटपर्यंत सोबत आल्याशिवाय ती कॉलेजला निघत नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सूड घेणं प्रभूचं काम आहे, तुम्ही आशीर्वाद द्या, थान्यात गेलात तर मोहल्ल्यात आपली साक्ष बिघडेल. आमच्या प्रार्थना गटातल्या एका मावशींनी उलटंच सांगितलं: रोज त्याच्या दाराकडे तोंड करून ३५ वं स्तोत्र, शत्रूंचा बंदोबस्त कर म्हणून देवाला विनवणारं, मोठ्याने वाच. मला यातलं काहीच जमत नाहीये. थान्यात द्यायचं आवेदन लिहून पर्समध्ये ठेवलंय, त्याला अकरा दिवस झाले. तुम्ही काय केलं असतं?

नंदानगरची आजी

बाळा, पाळकसाहेबांचं ऐक. मी हे सहा वर्षं भोगलंय. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली, शेजारच्याचं काम गेलं आणि तो माणूस आतून नासला. पिऊन यायचा, आमच्या दारावर लाथा मारायचा, आम्हाला जातीवरून आणि धर्मावरून बोलायचा. ह्यांनी दोनदा थान्याची वाट धरली, दोन्ही वेळा मी परत आणलं. रोज पहाटे त्या घरासाठी प्रार्थना करायचे. प्रार्थना म्हणजे काय, पहिलं वर्षभर नुसती रडायचे.

मग त्याला कावीळ झाली. बायको माहेरी गेलेली. मी महिनाभर पेज नेऊन दिली. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात लिहिलंय तसंच, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल. शेवटी तोच माणूस माझ्या धाकट्याच्या लग्नात मांडवाला बांबू बांधत होता. पोलीस आणले असते तर ते दार माझ्यासाठी कधीच उघडलं नसतं. आणि पोलीस अर्ध्या तासात निघून जातात गं, राहायचं तुला आहे त्या जिन्यावर.

कोर्टाच्या आवारातून

आजी, तुमची पेज खरी आणि तुमचे अश्रूही खरे. पण लाथा तुमच्या दारावर पडत होत्या आणि सोसायचं की नाही हे तुम्ही स्वतः ठरवलं होतंत. इथे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या वाटचं सोसणं दुसरेच ठरवतायत. दुसरा गाल पुढे करा असं प्रभूने म्हटलंय, पण तो स्वतःचा गाल. मुलीचा गाल पुढे करायला त्याने कुठे सांगितलंय?

दुसरं, निरंतर प्रार्थना करावी, खचू नये हे शिकवताना येशूने दाखला कोणाचा दिला? लूकच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात. एका विधवेचा, जी न्यायाधीशाकडे पुन्हापुन्हा जाते आणि म्हणते, माझ्या प्रतिवादीविरुद्ध मला न्याय द्या. तिने दावा मागे घेतला म्हणून तिचं कौतुक नाही, ती हटली नाही म्हणून आहे. मुख्य याजकापुढे शिपायाने येशूला थप्पड मारली तेव्हा त्यानेही विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस? फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला फटके मारून तुरुंगात घातलं आणि सकाळी गुपचूप निघून जा म्हणाले. तो गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं म्हणाला. साक्ष बिघडली का त्याची?

ताई, जिन्यावरचं ते बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये बसतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकुमाशिवाय नोंदवून तपास करता येतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनीचे नियम वेगळे आहेत, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. बायकांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दोन खिडक्या

कायदा सांगणं सोपं. मी गेलो होतो थान्यात, पार्किंगवरून. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानेही माझ्याविरुद्ध रपट लिहवली. शांतता राखण्यासाठी म्हणून दोघांनाही बाउंड ओव्हर केलं, म्हणजे भांडणार नाही असा बाँड लिहून घेतला. मी शिक्षक माणूस, सहा महिने तारखांना उभा राहिलो आणि गाडी आजही तिथेच लागते.

शिवाय एक गोष्ट इथे कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. आपण मूठभर आहोत. ताईंकडे शुक्रवारी चार लोक प्रार्थनेला जमतात. तो माणूस उद्या म्हणाला की इथे धर्मांतर चालतं, तर? मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा आहे. ताईंनी काहीही गैर केलेलं नाही हे मला कळतं, पण निर्दोष ठरेपर्यंत माणसाची काय दशा होते तेही मी पाहिलंय. पाळकसाहेब भित्रे नाहीत, अख्ख्या मंडळीची काळजी त्यांच्या डोक्यावर आहे. माझं मत विचाराल तर घर बदला. नासरेथच्या लोकांनी कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला. दावीदही त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजापासून पळालाच की. निघून जाणं म्हणजे हार नव्हे.

कोर्टाच्या आवारातून

दादा, तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच आवेदन कसं लिहायचं ते महत्त्वाचं. त्यात धर्माचा शब्द नको, प्रार्थनेचा नको, "नेहमी त्रास देतो" असलं मोघम काही नको. तारीख, वेळ, जागा, काय बोलला, कोणी ऐकलं. एक वही करा आणि रोजचं रोज लिहा. पाणी आणि स्कूटरची तक्रार वेगळ्या कागदावर, ती आधी रहवासी संघाकडे किंवा घरमालकाकडे. दोन्ही एकत्र केलंत की थान्यात ती "शेजाऱ्यांची भांडणं" होतात आणि मुलीचं म्हणणं त्यात बुडतं. तुमचं पार्किंगचं प्रकरण बाउंड ओव्हरवर गेलं, कारण त्यात दखलपात्र असं काही नव्हतं. इथे आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. नोंद झाली नाही तर तेच आवेदन टपालाने वरच्या अधिकाऱ्याला पाठवता येतं. आणि लगेचची भीती असेल तेव्हा ११२.

घर बदलायचं म्हणता, तर डिपॉझिट, टेम्पो, म्हाताऱ्या सासूबाई. आणि त्या जिन्यावरून पुढच्या भाडेकरूची मुलगी चढेल, तिचं काय?

जपमाळ

मी कॅथलिक आहे, तरी लिहिते. आमच्या इंदूर धर्मप्रांतातल्या सिस्टर राणी मारियांना उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये चाकूने मारलं, २५ फेब्रुवारी १९९५. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मींनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. आईनेही नंतर त्याचे हात हातात घेतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये इथेच सिस्टर राणी मारियांना धन्य घोषित केलं, संतपदाच्या आधीची पायरी. आजी म्हणतात ती क्षमा या शहराने पाहिलीय, ती खोटी नाही.

पण खटला चालला होता, जन्मठेप झाली होती. राखी गजांच्या आत जाऊन बांधली. पुढे त्याच्या लवकर सुटकेसाठी शब्द टाकणारेही हेच लोक होते, पण ते अकराएक वर्षांनी, तो बदलला हे दिसल्यावर. क्षमा करायची म्हणजे झालंच नाही म्हणायचं, असं त्या घरातल्या कोणी केलं नाही.

नंदानगरची आजी

सिस्टरांची गोष्ट मला ठाऊक आहे. जीव गेल्यावर सरकारच खटला चालवतं, तो घरच्यांनी मांडलेला दावा नव्हे. करिंथकरांना पौल विचारतो, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? तेही वाचा.

कोर्टाच्या आवारातून

वाचलंय, आजी. ते भावाने भावाविरुद्ध, मंडळीतल्या मंडळीत, देण्याघेण्याच्या वादाबद्दल आहे. तोच पौल पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो.

भजनी

त्या मावशींच्या सल्ल्याबद्दल कोणीच बोललं नाही. ३५ वं स्तोत्र, १०९ वं स्तोत्र शास्त्रात आहेत आणि ती वाचावीत. मी स्वतः वाचली आहेत, रागाने हात थरथरत असताना. पण शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड करून नाही. दावीद तो संताप देवापुढे ओततो आणि तिथेच ठेवतो. दाराकडे तोंड करून मंत्रासारखं म्हटलं की ती करणी झाली, प्रार्थना राहिली नाही. शिवाय तो खिडकीतून ऐकेल आणि भांडण आणखी पेटेल. ताई, ५५ वं वाचा. परका निंदा करता तर सोसलं असतं, पण हा तर ओळखीचा, असं दुःख आहे त्यात. शेजाऱ्याचं दुःख ते हेच.

नंदानगरची आजी

रात्री झोप लागली नाही म्हणून पुन्हा लिहितेय. मुलीचं मी वाचलं होतं, पण घाईने पुढे गेले. मला दोन्ही मुलगेच. तिला विचार. ती जे म्हणेल ते कर. पण प्रार्थना सोडू नकोस आणि त्या माणसाला दगड समजू नकोस, एवढं माझं म्हणणं मी मागे घेणार नाही.

वरच्या मजल्यावरची

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आई, मला कोणी विचारेल याची मी दोन महिने वाट बघत होते." त्यानंतर मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

सोमवारी गेलो, सासूबाईही आल्या. आधी "घर की बात है, आपस में बैठ लो" झालं. मुलीने स्वतः तारखा वाचून दाखवल्या. दोन तास लागले, पण शिक्का मिळाला. पाळकसाहेबांना आदल्या रात्रीच सांगितलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, बाहेर गाडीत बसतो. आणि बसले.

प्रार्थना अशी केली: प्रभू, त्याचं नाव घेताना माझे दात आवळले जातात, तरी घेते. त्याला चांगलं कर. ते आज जमत नसेल तर निदान त्याला थांबव. माझ्या मुलीचे पाय त्या जिन्यावर पुन्हा मोकळे कर. आणि माझ्या मनात जे साचलंय ते तू काढ, मला ते उचलता येत नाही.

पोलीस येऊन समज देऊन गेले. तीन दिवस स्कूटर सरळ आहे. काल स्पीकर सव्वादहाला बंद झाला, वहीत लिहिलं. मुलगी अजून गेटपर्यंत मला बोलावते. त्याची बायको आधी नळावर निदान मान हलवायची, आता पाठ फिरवते. ते मला फार लागलं. तिच्याबद्दल कोणालाच काही विचारलं नव्हतं मी इथे. उद्या पाण्याचा दिवस आहे, ती येईलच.