हातकागद आणि फुटणारी शाई

शाई फुटते म्हणून हातकागदाच्या, म्हणजे हाताने बनवलेल्या कागदाच्या, वह्या घेऊच नयेत असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. शाई फुटते ती बहुधा कागदाला खळ (शाई जास्त शोषली जाऊ नये म्हणून लावतात ती) कमी पडल्यामुळे. छोट्या कारागिरांना ते थेट विचारता येतं, हीच तर मजा! मी जिच्याकडून वही घेतली तिने आधी लिहून बघायला कागदाचे दोन तुकडे पाठवले. सुती चिंध्यांचा कागद. उजेडात धरला की कागद गाळायच्या साच्याच्या बारीक रेघा दिसतात, मध्येच अडकलेला एक निळा धागा. कडा झिरझिरीत, कारण कागद बनवताना लगदा साच्याच्या चौकटीखाली थोडा झिरपतोच. त्या कापून सरळ करू नका, प्लीज. शिवणही बघून घ्या, दोऱ्याने नीट शिवलेली वही छान सपाट उघडते.